दाजींची गाडी डायनोवर

सकाळी शेडचं शटर वर करतोय तोच ताईचा फोन. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती फोनवर बोलते तेव्हा तिच्या उधन्याहून सुरतेच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या इच्छापोरच्या शेडला, फोनशिवायही ऐकू येईल असं वाटतं. त्या दिवशी मात्र कुजबुजत होती.

"हे आंघोळीला गेलेत. नीट ऐक. आज गाडी तपासलीस की ह्यांना सांग, इंजिन गेलंय, ठेवण्यात अर्थ नाही, विकून टाका. तुझं ऐकतील."

"आणि इंजिन चांगलं निघालं तर?"

"तरी तेच सांग."

झालं, माझं डोकं सटकलं. तसं ते सटकायला फार काही लागत नाही, आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं, ताई, माझ्या शेडमध्ये माणसं लांबून गाड्या घेऊन येतात ते कशासाठी? मशीन सांगेल ते मी सांगतो म्हणूनच ना? आता घरच्या माणसाला खोटं सांगू?

"मग नको सांगू. माझं कुंकू पुसलं गेलं की ये खरं बोलायला," ती म्हणाली. मग जरा थांबून, अगदी बारीक आवाजात, "माले भ्याव वाटस रे भाऊ."

आम्ही खानदेशातले. वडील लूमवर कामाला सुरतेत आले आणि आमचं सगळं बालपण इथेच गेलं. घरात अहिराणी. पण ताईचं लग्न नाशिककडच्या बँकेतल्या माणसाशी झालं तेव्हापासून तिची भाषा धुतल्या तांदळासारखी झाली. ती अहिराणीवर येते ते फक्त जीव घाबरला की.

घाबरायला कारणही तसंच होतं. आठ-दहा दिवसांपूर्वी दोघं चलथाणच्या बाजूने येत होते. साखर कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली डावीकडच्या रस्त्याने वर आली. काही अचानक नाही, चांगली हळूहळू, दुरून दिसेल अशी. आणि दाजी सरळ तिच्या अंगावर. रस्ता मोकळा असल्यासारखे. ताई किंचाळली म्हणून ब्रेक लागला. बाहेर आलेली उसाची टोकं काचेवर घासली, तिच्या तोंडासमोर. दाजी उतरले आणि काय म्हणाले? "ब्रेक उशिरा धरतो. आणि गाडी डावीकडे ओढते. इंजिनातही दम नाही राहिला."

त्याच्याआधी सोसायटीच्या गेटला डावा आरसा दोनदा फुटला होता. पार्किंगच्या खांबाला डावं दार घासलं होतं. दर वेळी दोष गाडीचा. मी एकदा तोंडावर म्हटलं होतं, "दाजी, नाचता येईना अंगण वाकडं." ते हसले नाहीत.

आता गाडीबद्दल सांगायला हवं. दाजींनी आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांच्या गाड्यांची कर्जं मंजूर केली आणि स्वतः स्कूटरवर फिरले. मग एक जुनी, साधी गाडी. निवृत्त झाले आणि एके दिवशी दारात उभी केली दोन दारांची, दोन सीटांची, जमिनीला पोट टेकेल अशी बुटकी, निळी स्पोर्ट्स कार. सोसायटीतली माणसं गॅलरीतून वाकून बघत होती. ताई म्हणाली, "ह्यात बसायचं की झोपायचं?" पण हळद-कुंकू तिनेच लावलं, आणि चाकाखाली लिंबूही तिनेच ठेवलं.

त्या गाडीचं रनिंग-इन दाजींनी ज्या निष्ठेने केलं तशी निष्ठा माणसं सोळा सोमवारांतही दाखवत नाहीत. नवीन इंजिनाचे आतले भाग एकमेकांना सरावेपर्यंत गाडी सांभाळून चालवायची, त्याला रनिंग-इन म्हणायचं. हल्लीची पोरं म्हणतात, असलं काही लागत नाही, पहिल्या दिवसापासून पिदडा. दाजी रोज पहाटे हजिरा रोडला जायचे. इंजिन गरम झाल्याशिवाय काटा वर न्यायचा नाही. एकाच वेगात रेंगाळायचं नाही. थोडा दाब द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. पहिलं ऑइल कंपनी सांगते त्याच्या कितीतरी आधी बदललं, आणि जुनं ऑइल बोटांत चोळून माझ्यापुढे धरलं, "बघ, कण लागतो का."

"नवीन इंजिन म्हणजे नवी सून," ते म्हणायचे. "पहिल्याच दिवशी तिला पंगतीत वाढायला लावू नये."

"आणि जन्मभर माजघरातही बसवू नये," मी म्हणायचो. कारण रनिंग-इन संपून जमाना झाला तरी दाजींनी त्या गाडीचा काटा लाल रेघेपर्यंत, म्हणजे इंजिन फिरू शकतं त्या टोकापर्यंत, कधी नेलाच नव्हता. एकदाही नाही! इतक्या ताकदीची गाडी घेऊन हा माणूस आपला दुधाच्या बरणीसारखी ती नेत-आणत होता.

तर डायनोचा, म्हणजे माझ्या मशीनवर गाडी तपासायचा, बेत ठरला तो दोष गाडीचा की दाजींचा ह्या वादातून. रविवारी त्यांच्याकडे जेवायला होतो. कळण्याची भाकरी, भरीत, शेंगदाण्याची चटणी. पहिला घास घेतानाच दाजी करवादले, "चटणी वाढायचं विसरलीस पुन्हा."

ताई म्हणाली, "वाढलीय की हो."

दाजींनी मान वळवून ताटात पाहिलं. चटणी होती. डावीकडे, जिथे असते तिथेच, मिठा-लिंबाच्या शेजारी. "मगाशी नव्हती," ते म्हणाले आणि जेवायला लागले. ताईने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. हे आता रोजचंच झालं होतं म्हणे. रोज चटणीवरून, कोशिंबिरीवरून कटकट. मी म्हटलं, म्हातारचळ. दाजी म्हणाले, "मेव्हणेबुवा, म्हातारचळ मला नाही, त्या गाडीला लागलाय. तुमच्या मशीनवर घ्या, दूध का दूध होऊ द्या." म्हटलं, या. होऊन जाऊ द्या एकदाचं.

आणि आता ताईचा हा फोन. इकडे आड, तिकडे विहीर. खोटं बोलावं तर दाजींशी. मला आयटीआयला घालणारे ते. वडील लूमवरच चिकट म्हणत होते तेव्हा दाजी त्यांच्याशी भांडले होते. खरं बोलावं आणि गाडी चांगली निघावी, तर ते आणखी जोरात हिंडणार आणि पुढच्या ट्रॉलीला ताई किंचाळायला वेळ मिळेल न मिळेल. चहा समोर गार झाला. देवाशपथ सांगतो, त्या सकाळी मी मनातल्या मनात नवस बोललो की इंजिन खरोखरच खराब निघू दे.

दोघं अकराच्या सुमारास आले. गाडी आत घेताना डावं चाक माझ्या टूल-ट्रॉलीला घासलं. दाजींनी ट्रॉलीकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच मधे येऊन उभी राहिली.

डायनो म्हणजे फार काही गूढ नाही. जमिनीत बसवलेले जाड लोखंडी रोलर. गाडीची मागची चाकं त्यांच्यावर चढवायची, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी जमिनीला आवळायची, समोर मोठा पंखा लावायचा. मग गाडी जागच्या जागी पळते आणि चाकांपर्यंत किती ताकद पोचली ते पडद्यावर उमटतं. ऐकायला सोपं आहे, पण त्या वेळी शेडमध्ये उभं राहून बघा. हायवेवरचा वेग असतो आणि गाडी भिंतीपासून चार पावलांवर असते. पट्टी सुटली तर काय होईल ह्याचा मी विचार करत नाही. म्हणून तर प्रत्येक पट्टी दोनदा ओढून बघतो, आणि जमिनीवरच्या पिवळ्या रेघेच्या आत कुणाला येऊ देत नाही.

गाडीत एरवी मीच बसतो. मी दार उघडलं तर दाजी आत तसेच बसून.

"उतरा दाजी."

"नाही. हिला पहिल्यांदा लाल रेघेपर्यंत नेणार तो मी. मी वाढवलंय हे इंजिन."

"माझ्या शेडमध्ये गिऱ्हाईक बसत नाही."

"मी गिऱ्हाईक आहे?"

मी तडकलो. "बसा! बसा तर बसा! पण मी हात करीन तसंच करायचं." कानांवर आवाज अडवणारे बंद लावल्यावर आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे आमच्याकडे सगळं हातांनी चालतं. अंगठा वर केला की पूर्ण दाबायचं. मूठ दाखवली की पाय सोडायचा. ब्रेक मारायचा नाही, नुसता पाय सोडायचा आणि रोलर आपोआप थांबू द्यायचे. दाजींनी तीनदा घोकलं, शाळेतल्या हुशार मुलासारखं.

इंजिन गरम करताना मी त्यांच्या समोर उभा होतो. सगळं झकास. दाजींनी गिअर इतके अलगद टाकले की माझा राग अर्धा उतरला. मग मी कॉम्प्युटरपाशी गेलो. तो डावीकडच्या भिंतीला आहे, गाडीतल्या माणसाच्या डावीकडे. तिथून अंगठा वर केला.

काही नाही. दाजी समोर पंख्याकडे बघत बसलेले.

पुन्हा अंगठा केला. हात हलवला. दोन्ही हात हलवले, बस थांबवावी तसे. ढिम्म! शेवटी मी चार पावलं पुढे, गाडीच्या नाकासमोर गेलो तेव्हा ते दचकले. काच खाली करून ओरडले, "अरे होतास कुठे? केव्हाची वाट बघतोय!"

"इथेच तडफडतोय! डोळे काय खिशात ठेवलेत?"

ते रागावले, मीही रागावलेला. आणि रागात माणसाला दिसत असलेलंही कळत नाही. मी म्हटलं, आता इथे पुढूनच अंगठा करतो, तुम्ही दाबा, मी पळत कॉम्प्युटरकडे जातो. मूठ मात्र तिथूनच दाखवणार, बघा नीट. ते म्हणाले, आंधळा नाही मी.

अंगठा केला. दाजींनी पाय दाबला.

मी ह्या धंद्यात केसांची चांदी केलीय, पण एखादं इंजिन असं सुटतं की अंगावर काटा येतोच. आधी घुमला तो खालचा जाड आवाज, मग तो वर वर चढत गेला, कुठेही न अडखळता, न खोकता. पडद्यावर रेघ चढत होती, घाटातल्या नव्या रस्त्यासारखी गुळगुळीत. मी एका डोळ्याने रेघ बघत होतो, दुसऱ्याने पडद्यावरचा इंजिनाचा काटा. लाल रेघ आली. मी मूठ वर केली.

दाजींनी पाय सोडला नाही.

मी मूठ हलवली. ते सरळ समोर बघत होते. इंजिन आता वरच्या टोकाला जाऊन आपटायला लागलं. तिथे गाडी स्वतःच पेट्रोल तोडते, पुन्हा सोडते, पुन्हा तोडते. भडभडभड असा आवाज, बंदुकीचे बार काढावेत तसा, आणि प्रत्येक बाराला अख्खी गाडी हिसका देते. डावीकडची मागची पट्टी करकरली. मी ओरडलो, कुणाला ऐकू जाणार? आणि त्याच क्षणी मला ताई दिसली. ती पिवळी रेघ ओलांडून आत आली होती. गाडीच्या डाव्या खिडकीशी, त्या करकरणाऱ्या पट्टीच्या अगदी शेजारी, दोन्ही हात वर करून नवऱ्याला खुणावत होती. हातभर अंतरावर उभी होती, तरी दाजींनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पट्टी तुटली तर ती ताईला लागणार होती. मी ताईचा दंड धरून तिला असं मागे भिरकावलं की ती टायरच्या ढिगावर जाऊन पडली. मग पंख्याच्या पुढून धावत उजवीकडे गेलो आणि मूठ दाखवली.

दाजींनी लगेच पाय सोडला.

लगेच! डोळ्याचं पातं लवायच्या आत. आवाज उतरत गेला, रोलर घरघरत थांबत गेले. दाजींनी काच खाली केली. कपाळावर घाम होता. "किती वेळ लावलास मूठ दाखवायला! इंजिनाचा जीव घेतलास माझ्या!"

मी त्यांना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. थोरल्या माणसाला असं कुणी बोलत नाही. दाजी एकच वाक्य बोलत होते, "तू मूठ दाखवलीच नाहीस."

"दाखवली हो त्याने," ताई मागून म्हणाली. लुगड्याला काळं लागलेलं, कोपर खरचटलेलं. "मी पण हात करत होते. तुमच्या खिडकीशी उभी होते मी."

"तू?" दाजी म्हणाले. "तू कुठे होतीस?"

त्यांनी हे ज्या आवाजात विचारलं ना, त्याने माझा राग जागच्या जागी मेला. तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याने खरंच पाहिलं नव्हतं. आणि मला एकदम ते ताट आठवलं. भाकरी दिसली, भरीत दिसलं, चटणी दिसली नाही. मीठ, लिंबू, कोशिंबीर, जे जे डावीकडे वाढतात ते ते रोज ताई 'विसरत' होती. डावा आरसा. डावं दार. ट्रॉली. अरे देवा, आम्ही दोघं बहीण-भाऊ इतके दिवस करत काय होतो?

मी बॉनेटसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "दाजी, माझ्या नाकाकडे बघा. मान हलवू नका." दोन्ही हात लांब केले, दोन्ही अंगठे वर. "किती अंगठे?"

"हा काय पोरखेळ!"

"सांगा ना हो."

"एक."

मी उजवा हात खाली घेतला. "आता?"

"एकच. तेवढाच तर केला होतास."

उजवा हात पुन्हा वर करून हळूहळू त्यांच्या नाकासमोर आणत गेलो. अगदी मधोमध आल्यावर ते दचकले. दोन्ही अंगठ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःचा डावा हात उचलला, चेहऱ्याच्या बाजूला धरला आणि मान वळवून वळवून तो शोधला. ताईने तोंडात पदर कोंबला.

बाहेरून हजिऱ्याचे ट्रक जात होते.

"मशीन काय म्हणतंय?" दाजींनी विचारलं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. सकाळचं तिचं सांगणं तिच्या डोळ्यांत आता नव्हतं, किंवा असेलही, मला नाही कळलं. मी पडद्याकडे गेलो. खोटं बोलायची सोय तेव्हाही होती, आणि ते खोटं कुणाला दुखावणारही नव्हतं. पण ती रेघ बघितल्यावर माझी जीभ रेटेना. इतकं सुरेख इंजिन मी कारखान्यातून आलं तसं, काहीही न बदललेलं, फार कमी वेळा पाहिलंय.

"गाडी उत्तम आहे, दाजी," मी म्हणालो. "कंपनी सांगते तितकी पुरेपूर. असं रनिंग-इन कुणी करत नाही हल्ली. आत्ता इतका वेळ आपटलं तरी तापमानाचा काटा हलला नाही तिचा."

"डावीकडे ओढते?"

"नाही."

"ब्रेक?"

"ठीक आहेत. डायनोवर चढवण्याआधी दोन्ही बघून घेतलंय."

दाजींनी स्टिअरिंगवरून हात फिरवला, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. "म्हणजे गाडीत काहीच दोष नाही," ते म्हणाले. "अंगण वाकडं नव्हतंच तर." मग मान पार डावीकडे वळवून त्यांनी ताईला शोधलं. "त्या ट्रॉलीच्या बाजूला तू बसली होतीस ना गं?"

ताईने मान हलवली. दाजींनी किल्ली काढली. आणि दिली. मला नाही, तिला.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या मागच्या बाजूला बारीकसा झटका येऊन गेलाय. डोळे ठणठणीत आहेत, डावीकडचं मेंदूला पोचत नाही, आणि पोचत नाही हेही माणसाला कळत नाही. मग आठवलं, उन्हाळ्यात एक दिवस डोकं ठणकलं म्हणून दाजी दिवसभर पडून होते. आम्ही पित्त समजून सुंठ दिली होती. गाडी चालवणं बंद, कायमचं. ते ऐकून दाजी दवाखान्याच्या बाकावर रडले. मीही रडलो, त्यात लपवायचं काय?

गाडी मात्र विकली नाही. ताईनेच विकू दिली नाही! फोन करून मला खोटं बोलायला सांगणारी हीच बाई. ती ह्या वयात ड्रायव्हिंग स्कूलला गेली. आता पहाटे हजिरा रोडला ती चालवते आणि दाजी शेजारी बसतात. "एकाच वेगात रेंगाळू नको. दाब दे, सोड. घाबरून हळू नको आणि मस्तीत जोरात नको." ती म्हणते, गप्प बसा, मला रस्ता बघू द्या. ते म्हणतात, मी रस्ता बघतच नाही, ह्या सीटवरून मला तू दिसतेस.

मागच्या महिन्यात त्यांच्याकडे पाहुणे होते, नाशिककडचे, सोवळ्यातले. पानं मांडली. त्यांच्यातल्या एका आजींनी ताटाकडे बघून भुवया चढवल्या. "अगं, चटणी-कोशिंबीर उजवीकडे? मीठही उजवीकडे? हे कुठलं वाढणं?"

सगळ्यांची ताटं तशीच होती. एकट्या दाजींचं वेगळं दिसू नये म्हणून ताईने घरातली सगळीच ताटं फिरवली होती. दाजी खाली मान घालून भात कालवत होते.

"आमच्याकडे अशीच वाढतात," ताई म्हणाली आणि तिने आजींच्या ताटात, उजवीकडे, लिंबाची फोड ठेवली.